ठराव आधी, तपासणी नंतर : कॅस अहवाल आणि ब्रिटनमधले डॉक्टर

माझ्या टेबलाच्या खणात मण्यांची एक माळ असते. चढत्या आकाराचे बारा लंबगोल मणी, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत. मुलगा वयात यायला लागलाय की नाही, हे वृषणाचा आकार या मण्यांशी ताडून बघतात. जोडीला डाव्या हाताचा एक्स-रे, त्यावरून काढलेलं हाडांचं वय, आणि वाढीचा तक्ता. सात वर्षांच्या मुलीची छाती भरायला लागली म्हणून आईवडील घाबरून येतात, तेव्हा एवढ्या सामग्रीवर आम्हाला ठरवावं लागतं की वयात येणं थांबवणारं इंजेक्शन सुरू करायचं का. ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन. पिट्यूटरी ग्रंथीवर हे औषध सारखं टकटक करत राहतं, काही दिवसांनी ती ग्रंथी दाद देईनाशी होते आणि लैंगिक संप्रेरकं खाली येतात. योग्य वयात इंजेक्शन बंद केलं की थांबलेली गाडी पुन्हा सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्या माझ्या ओपीडीत एका तालुक्याच्या गावाहून चौदा वर्षांचं एक मूल आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जन्माने मुलगी. वहीच्या मागच्या पानावर मुलाचं नाव घोटून घोटून लिहिलेलं. आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा समजवा." मूल गप्प होतं. आई पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा त्याने मोबाइलवर वाचलेलं या इंजेक्शनाचं नाव नीट उच्चारलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्यासारख्या कुणाला हे दिलंय का? त्यांचं पुढे काय झालं?"

दिलं नव्हतं. आणि पुढे काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला बसले आणि ब्रिटनमधल्या कॅस अहवालापाशी पोचले : अशा मुलांच्या उपचारांमागचा पुरावा तपासणारा २०२४ चा अहवाल, आणि त्यावरून तिथल्या डॉक्टरांत पेटलेला वाद. गेलं वर्षभर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण शिकवते आहे. उपचार चांगला की वाईट, याचा निकाल लावायला नाही. या वादात डॉक्टर कधी बोलले, कधी गप्प बसले, आणि बोलताना कशाच्या आधारावर बोलले, हे बघायला.

पार्श्वभूमी

लंडनमध्ये १९८९ साली लिंगओळखीच्या प्रश्नांनी त्रासलेल्या मुलांसाठी एक छोटी सेवा सुरू झाली. पुढे ती टॅव्हिस्टॉक अँड पोर्टमन या सरकारी ट्रस्टकडे गेली. तिचं नाव जेंडर आयडेंटिटी डेव्हलपमेंट सर्व्हिस, तिथल्या सगळ्यांच्या तोंडी 'जिड्स'. बरीच वर्षं तिचं काम प्रामुख्याने बोलण्याचं होतं. मुलाशी बोलायचं, घरच्यांशी बोलायचं, वाट बघायची.

दरम्यान नेदरलँड्समध्ये वेगळी पद्धत रुळली होती. वयात येण्याच्या सुरुवातीलाच ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थांबवणारी तीच इंजेक्शनं, द्यायचे, सोळाच्या सुमाराला विरुद्ध लिंगाची संप्रेरकं, आणि अठरानंतर शस्त्रक्रिया. तिथे निवड कडक होती. लहानपणापासून त्रास असलेली, मानसिकदृष्ट्या बऱ्यापैकी स्थिर, घरचा आधार असलेली मुलं. ब्रिटनमधल्या कुटुंबांकडून मागणी वाढली, तेव्हा जिड्सने २०११ मध्ये एक अभ्यास सुरू केला : १२ ते १५ वयाची ४४ मुलं. निकाल हाती येण्याआधीच, २०१४ पासून, ब्लॉकर नेहमीच्या सेवेत दिले जाऊ लागले. निकाल छापून यायला २०२१ उजाडलं. ४४ पैकी ४३ मुलं पुढे संप्रेरकांकडे गेली. मानसिक त्रासाच्या मोजमापात फरक पडल्याचं दिसलं नाही. हाडांची घनता त्या वयात जशी वाढायला हवी तशी वाढली नाही.

विद्यार्थ्यांना मी इथे थांबवते. ४४ पैकी ४३, या आकड्याचे दोन अर्थ लागतात. निवड इतकी अचूक होती की योग्य मुलंच आली. किंवा ब्लॉकर ही विचाराला सवड देणारी पायरी नसून पुढच्या रस्त्यावरचं पहिलं पाऊलच होतं. तुलनेला दुसरा गट नसलेल्या अभ्यासातून यातलं खरं काय, ते कळत नाही. दोन्ही बाजूंचे लोक आज हाच आकडा आपापल्या अर्थाने फेकतात.

आणि मग लोंढा आला. २०११-१२ मध्ये जेमतेम अडीचशे मुलं पाठवली गेली होती, २०२१-२२ मध्ये पाच हजारांवर. पूर्वी जन्माने मुलगे जास्त असत, आता जन्माने मुली असलेल्या किशोरवयीनांची संख्या मोठी झाली. अनेकांना सोबत नैराश्य, चिंता, ऑटिझम, खाण्याचे विकार. डच पद्धत ज्या मुलांवर उभी राहिली होती, ती मुलं ही नव्हती. वाट बघण्याचा काळ दोन वर्षांच्या पुढे गेला.

आतले आवाज

आत काम करणाऱ्यांना काही खटकत नव्हतं, असं नाही. डेव्हिड बेल हे त्या ट्रस्टमधले ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी. जिड्समधले सहकारी त्यांच्याकडे येऊन बोलले, आणि त्यावरून त्यांनी २०१८ मध्ये ट्रस्टला अहवाल दिला : मुलांचं मूल्यांकन घाईत होतं, बाकीच्या अडचणी बाजूला राहतात, शंका काढणाऱ्याला सोय नाही. बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या सोनिया ॲपलबी यांनीही काळजी बोलून दाखवली. त्यामुळे त्यांनाच त्रास झाला, असं रोजगार लवादाने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य करून २० हजार पौंड भरपाई दिली. त्याच वर्षी जानेवारीत आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने या सेवेला 'अपुरी' असा सर्वांत खालचा शेरा दिला होता.

प्रकरण कोर्टातही गेलं. डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाने म्हटलं, की तेरा किंवा त्याहून कमी वयाचं मूल या उपचाराला समजून संमती देऊ शकेल अशी शक्यता फार कमी. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला : संमती देण्याची कुवत जोखणं हे डॉक्टरांचं काम, कोर्टाचं नव्हे. डॉक्टर म्हणून हे वाचताना मान ताठ होते. पण ती जोखायची तर मुलाला सांगायला आपल्याकडे माहिती हवी. तीच नव्हती.

कॅस यांचं काम

डॉ. हिलरी कॅस बालरोगतज्ज्ञ, रॉयल कॉलेज ऑफ पीडिॲट्रिक्सच्या माजी अध्यक्ष. लिंगओळखीच्या सेवेत त्यांनी कधी काम केलेलं नव्हतं. एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०२० मध्ये त्यांना नेमलं ते त्यामुळेच, आणि त्यांच्यावर सर्वांत जास्त टीका झाली तीही त्यामुळेच. १० एप्रिल २०२४ ला अंतिम अहवाल आला. ३८८ पानं, ३२ शिफारशी. त्याआधीच मार्चमध्ये एनएचएस इंग्लंडने ब्लॉकर नेहमीच्या सेवेतून काढले होते आणि जिड्स बंद होऊन लंडन आणि वायव्य इंग्लंडमध्ये नवी केंद्रं उघडत होती.

पुराव्याचा भाग यॉर्क विद्यापीठाच्या गटाने केला. ब्लॉकरवरचे ५० अभ्यास तपासले : दर्जाने उत्तम १, मध्यम २५, कमी २४. संप्रेरकांवरचे ५३ : उत्तम १, मध्यम ३३, कमी १९.

हा छोटासा तक्ता मी वर्गात फळ्यावर लिहिते, कारण सगळ्यात जास्त खोटं याच तक्त्यावरून पसरलं. अहवाल आला त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर फिरायला लागलं, की कॅस यांनी ९८ टक्के अभ्यास कचऱ्यात टाकले, का तर ते 'डबल ब्लाइंड' (कुणाला खरं औषध मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, असे) नव्हते. १०३ पैकी २ उत्तम, म्हणून बाकीचे फेकले, असा तो हिशेब. एका खासदाराने संसदेत तसं म्हटलं आणि नंतर अधिकृतपणे दुरुस्ती केली. प्रत्यक्षात उत्तम आणि मध्यम मिळून ६० अभ्यास निष्कर्षांत धरले होते. वापरलेली मोजपट्टीही निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीच बनवलेली. वयात येणं थांबलं की नाही हे मुलाला आठ-दहा महिन्यांत आरशातच दिसणार, तिथे डबल ब्लाइंड करणार कसं? हे कुठल्याही डॉक्टरला दोन मिनिटांत कळलं असतं. तरी तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत डॉक्टर होते.

उलट बाजूनेही तेच झालं. पुरावा दुबळा आहे याचा अर्थ 'उपचार घातक ठरला' असा लावला गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे 'ही मुलं खोटं बोलतात' असा. कॅस यांनी यातलं काहीही म्हटलेलं नाही. काही तरुणांसाठी वैद्यकीय मार्ग योग्य असेल, असं अहवालात स्पष्ट आहे. प्रस्तावनेत त्या थेट मुलांशी बोलतात. या क्षेत्रातला पुरावा दुबळा असूनही सगळ्याच बाजू तो फुगवून सांगतात, आणि इतकं घाबरून वागणारे डॉक्टर आपण वैद्यकशास्त्रात दुसरीकडे फारसे पाहिले नाहीत, असंही त्यांनी लिहिलं. अहवालानंतर खुद्द त्यांना सार्वजनिक वाहनाने प्रवास न करण्याचा सल्ला देण्यात आला. एका बालरोगतज्ज्ञाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयाला बॉम्बच्या धमक्या आल्या होत्या, तिथे हे उपचार दिले जातात म्हणून. उपचार देणारेही भ्यायलेले, तपासणारेही भ्यायलेले.

अहवालातली एक गोष्ट मला आरशासारखी वाटली. 'जेंडर' हा शब्द चिठ्ठीवर आला, की स्थानिक डॉक्टर हात काढून घेत. मुलाचं नैराश्य, झोप, शाळेतला छळ, सगळंच त्या एका शब्दाखाली झाकलं जाई, आणि मूल दोन वर्षांच्या रांगेत उभं राही. माझ्या ओपीडीतल्या त्या मुलाच्या केसपेपरवर मीही पहिल्या दिवशी एकच ओळ लिहिली होती : 'पुणे येथे पाठवणे'.

ठराव

आता प्रकरणाचा गाभा. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही तिथल्या डॉक्टरांची संघटना. पावणेदोन लाखांहून जास्त सभासद. आपल्याकडून तिकडे गेलेले मराठी डॉक्टरही त्यांत आलेच. पगार, ड्यूटीचे तास, संप हे तिचं रोजचं काम. सोबत वैद्यकीय धोरणांवरही ती बोलते, आणि बोलली की सरकारला ऐकावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये तिच्या कौन्सिलने कॅस अहवालावर जाहीर टीका करण्याचा ठराव केला. ३१ जुलैला पत्रक निघालं : शिफारशींची अंमलबजावणी थांबवा, ब्लॉकरवरची बंदी उठवा, आम्ही अहवालाचं मूल्यमापन करायला एक गट नेमतो आहोत.

त्या पत्रकातला क्रम बघा. टीका झाली, अंमलबजावणी थांबवायची मागणी झाली, आणि अहवाल तपासणारा गट अजून बसायचा होता.

रॉयल कॉलेजांनी, म्हणजे त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी, तोवर अहवालाचं एकंदरीत स्वागत केलं होतं. काही दिवसांतच हजाराहून जास्त डॉक्टरांनी संघटनेच्या अध्यक्षांना उघड पत्र लिहिलं. त्यांत रॉयल कॉलेजांचे आजी-माजी पदाधिकारी होते. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की सभासदांना न विचारता, पुरावा न तपासता तुम्ही आमच्या वतीने बोललात. सप्टेंबरअखेर कौन्सिलने पवित्रा बदलला : मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत संघटना तटस्थ राहील.

ठराव करणाऱ्यांची बाजू मी वर्गात मुद्दाम एका विद्यार्थ्याला पूर्ण ताकदीनिशी मांडायला लावते. ती पोकळ नाही. पहिला मुद्दा : बालरोगशास्त्रात कितीतरी औषधं आपण दुबळ्या पुराव्यावर, परवान्याच्या चौकटीबाहेर देतोच. मग कठोर मोजपट्टी याच मुलांना का? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी १ जुलैला प्रसिद्ध केलेल्या टीकेचा रोख हाच होता, आणि कमी खात्रीचा पुरावा म्हणजे उपचार द्यायचाच नाही असं होत नाही, हे म्हणणं शास्त्राला धरून आहे. दुसरा मुद्दा : सरकारने मे २०२४ मध्ये तातडीचा आदेश काढून खासगी प्रिस्क्रिप्शनही बंद केली. दवाखान्यातला निर्णय मंत्र्याने कायद्याने बांधला, यावर डॉक्टरांच्या संघटनेने बोलायचं नाही, तर कुणी? तिसरा : रांगेतली मुलं आत्ता तळमळत आहेत, अभ्यास संपेपर्यंत ती मोठी होतील.

तिन्ही मुद्दे मला पटतात. तरी त्यांतून 'अहवालाच्या पद्धतीत खोट आहे' हे सिद्ध होत नाही. ते वाचून, मोजून, मांडूनच दाखवावं लागतं. येलशी संबंधित अभ्यासकांनी तसा प्रयत्न केला. त्यांना दुसऱ्या गटाने ऑक्टोबरमध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड' या नियतकालिकात मुद्देसूद उत्तर दिलं. वाद असा चालला तर चौदा वर्षांच्या मुलालाही त्यातून काही मिळतं. हात वर करून मोजलेल्या मतांतून नाही मिळत. बंदीला विरोध करायचा तर 'डॉक्टर-रुग्णाच्या मध्ये कायदा नको' एवढं म्हणून संघटना ताठ उभी राहू शकली असती, आणि मी टाळ्या वाजवल्या असत्या. तिने दोन गोष्टी एकत्र बांधल्या आणि दोन्ही गमावल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने बंदी बेमुदत केली, २०२७ मध्ये फेरविचाराचं आश्वासन देऊन. त्या वेळी तटस्थ राहू असं सांगून बसलेल्या संघटनेच्या शब्दाला कितीसं वजन उरलं होतं?

अमेरिकेतही क्रम उलटाच होता. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ऑगस्ट २०२३ मध्ये या उपचारांना पाठिंबा देणारं आपलं २०१८ चं धोरण कायम केलं आणि त्याच बैठकीत पद्धतशीर आढावा घ्यायचं ठरवलं. निर्णय कायम, आढावा नंतर. दरम्यान राज्यामागून राज्य कायद्याने बंदी घालत गेलं, आणि १८ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीची बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरली. डॉक्टरांनी मोकळी सोडलेली जागा राजकारण्यांनी भरली.

आणखी एक प्रसंग याच महिन्यांतला. ब्लॉकर बंद केल्यामुळे आत्महत्या भरमसाट वाढल्या, असं जाहीरपणे बोललं जात होतं. सरकारचे आत्महत्या प्रतिबंध सल्लागार, मनोविकारतज्ज्ञ लुई ॲपलबी यांनी जुलै २०२४ मध्ये नोंदी तपासल्या. हायकोर्टाच्या २०२० च्या निकालाआधीच्या तीन वर्षांत जिड्सच्या रुग्णांतल्या ५ आत्महत्या, नंतरच्या तीन वर्षांत ७. बाराही मृत्यू भयंकरच, पण दावा आकड्यांत बसत नव्हता. त्यांनी तेवढंच सांगितलं, आणि त्रासलेल्या मुलांच्या कानावर 'उपचार नाही म्हणजे मरण' असं सतत पडणं धोक्याचं आहे, ही आठवण करून दिली. या सगळ्या प्रकरणात डॉक्टरने कसं बोलावं याचा नमुना मला तिथे सापडला. आपला विषय, आपली मोजणी, आणि ज्या मुलाबद्दल बोलतोय ते मूल हे वाचणार आहे, याचं भान.

नऊ हजार फायली

ज्या गोष्टीवर ठराव झाला नाही, पत्रं निघाली नाहीत, ती मला सगळ्यांत जास्त टोचते. जिड्समधून गेलेली सुमारे ९,००० मुलं आता प्रौढ आहेत. त्यांचं पुढे काय झालं, हे त्यांच्या नोंदी जोडून बघायची यॉर्कच्या गटाची योजना होती. त्यासाठी २०२२ मध्ये खास कायदेशीर सवलत मिळवली. आणि मग प्रौढांच्या सात क्लिनिकांपैकी सहांनी सहकार्य नाकारलं. गोपनीयता, हेतूबद्दल शंका, कामाचा ताण अशी कारणं होती. अहवाल प्रसिद्ध होताना वरून दबाव आला, तेव्हा ती तयार झाली.

कारणं खरी असतीलही. पण एकीकडे पुरावा दुबळा आहे म्हणून वाद, आणि दुसरीकडे पुरावा ज्या कपाटात आहे त्याची किल्ली डॉक्टरांच्याच हातात. तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या सेवेने आपल्या रुग्णांना पुढे कधी पद्धतशीर विचारलंच नाही. ज्यांना उपचाराने आयुष्य परत मिळालं त्यांची साक्षही त्याच कपाटात बंद, आणि ज्यांना पश्चात्ताप झाला त्यांचीही.

ते मूल तीन आठवड्यांनी पुन्हा आलं. केसपेपरवरची ती ओळ मी खोडली होती. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली होती, पण तोवर सांगलीत दर पंधरवड्याला मी भेटणार, असं आईला सांगितलं. वहीवरच्या नावाने मी त्याला हाक मारली, तेव्हा आईने मान खाली घातली, पण काही बोलली नाही. मी यॉर्कचा तो तक्ता कागदावर मराठीत उतरवून त्याच्यासमोर ठेवला. प्रत्येक आकडा म्हणजे काय ते सांगितलं, आणि 'पुढे काय झालं' याचं उत्तर अजून कुणाकडे का नाही, तेही. त्याने बोट ठेवून वाचलं. 'उत्तम' या रकान्यापाशी बोट थांबलं.

"एकच?"

"हो, एकच."

त्याने कागदाची घडी करून वहीत ठेवली. मग आम्ही त्याच्या झोपेबद्दल बोललो. रात्री दोनपर्यंत झोप येत नाही, म्हणाला.